पायाखालची तार

वैशू,

कावळा लगेच शिवला.

रामकुंडावर पिंड ठेवून गुरुजी अजून हात धूत होते, तेवढ्यात तो आला, बसला आणि शिवला. कुणाला पुढे होऊन काही बोलायची वेळच आली नाही. तुझ्या दादाने डोळे पुसले आणि म्हणाला, "सुटली. काही राहिलं नव्हतं तिचं." मामा म्हणाले, "पुण्यवान पोर." सगळ्यांचे खांदे खाली आले. मला मात्र तुझा राग आला.

कारण मी एक वाक्य तयार करून आणलं होतं. कावळा शिवत नाही तेव्हा एकेक जण पुढे होतो आणि गेलेल्याला शब्द देतो. आईला सांभाळू, घराकडे बघू, असं काहीबाही. ज्याचा शब्द लागतो त्याला कावळा येतो. मला खात्री होती की सगळ्यांचे शब्द संपतील तरी तो लांब कठड्यावर बसून राहील, कारण तुझं अर्धं राहिलेलं काम माझ्याकडे होतं. मग एवढ्या माणसांत मला तोंड उघडावं लागेल. लग्नाच्या पंगतीत पाणी मागायला लाजणारी मी, रिक्षातून येताना सारखं ते वाक्य मनात म्हणत होते. 'वैशू, मी पुढच्या सीटवर बसेन.' तेवढंच होतं.

कावळ्याने वाट पाहिली नाही. वाक्य तोंडातच राहिलं.

तू कधी कुठे अडखळली नाहीस, तशी तिथेही अडखळली नाहीस. अडखळायची ती तुझी गाडी. आणि तीसुद्धा मी बसले की.

ती गाडी तू आणलीस तो दिवस मला आठवतो. लाल, बुटकी, मागून कापून टाकल्यासारखी. कुणा पोराने हौसेने घेतलेली, हौसेने पळवलेली आणि मग विकून टाकलेली. मी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, तू नारळ फोडलास. आई ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "बाईमानसाला एवढी पळनारी कशाला? कोनाच्या मागं लागायचंय?"

"मागं नाही लागायचं आई. पुढं जायचंय."

"जा बाई. तुला कोन धरतंय."

मग तू मला दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलंस. आईंना मागे. आई चपला काढून, पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या, देवळात बसतात तशा. दादा आमच्याकडे बघून हसत होता. तू गाडी हळू काढलीस तेव्हा ती गरीब होती. डिझेलची खडखड, बाकी काही नाही. आडगाव नाका सोडला आणि तू पाय दाबलास, तशी मागून कुणी ढकलल्यासारखी सुटली. माझी पाठ सीटला चिकटली. तू ओरडलीस, "आला बघ टर्बो!" मी घाबरून मागे वळून पाहिलं. मला वाटलं कुणी माणूस आहे. पुढे कितीतरी दिवस तू घरात शिरताना विचारायचीस, "वहिनी, टर्बो आला होता का? चहा दिलास ना त्याला?"

ते हसणं आता घरात कुठे ठेवू ते कळत नाही.

पहिल्यांदा अडखळली ती नामपूरच्या रस्त्याला. माझ्या मायला बरं नव्हतं म्हणून तू सुट्टी टाकून मला घेऊन निघाली होतीस. सटाणा मागे टाकलं, रस्ता अरुंद झाला, आणि पुढे मार्केटला निघालेला कांद्याचा ट्रॅक्टर. तू आरशात पाहिलंस, गाडी उजवीकडे काढलीस आणि पाय दाबलास.

काहीच झालं नाही.

आवाज चढला नाही, ओढ आली नाही. गाडीने श्वास धरला. माझ्या खिडकीशी ट्रॅक्टरचं मोठं चाक गरागरा फिरत होतं आणि समोरून एक टेम्पो येत होता. त्याचा चालक दिवे मारत होता. मला त्याचं तोंड दिसत होतं. मग गाडी एकदम सुटली, मागून लाथ बसावी तशी, आणि आपण ट्रॅक्टरच्या नाकासमोरून डावीकडे आलो. टेम्पो बाजूने गेला तेव्हा गाडी हलली.

तू पुढे जाऊन बाभळीखाली थांबलीस. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसलीस. थोड्या वेळाने तू म्हणालीस, "उचकी लागली बाईला."

मी अजून मागे वळून टेम्पो बघत होते.

"वहिनी, सांग ना, कोण आठवण काढतंय हिची? नावं घे. ज्याच्या नावाला थांबेल तो."

"तो आधीचा पोरगा काढत असेल," मी म्हटलं.

तू एवढी हसलीस की शेतातली बाई निंदता निंदता उभी राहून बघायला लागली. घरी पोचलो तर मायने माझं तोंड बघूनच विचारलं, "काय व्हयनं वं? तोंड का बरं उतरेल शे?" तू म्हणालीस, "काही नाही मावशी, गाडीला उचकी लागली होती." माय म्हणाली, "मंग पानी पाजा तिले." 

परत आल्यावर गाडी द्वारका चौकाजवळ अस्लमभाईंच्या गॅरेजवर गेली. त्यांनी डिझेलचा फिल्टर काढला, त्यात पाणी निघालं. आपल्याला वाटलं, झालं, सापडलं. पुढच्या खेपेला ओझरच्या अलीकडे पुन्हा तेच. मग हवेचा फिल्टर. मग टर्बोला जाणारा पाइप, त्याला बारीक चीर होती, तो बदलला. मग धूर परत फिरवणारा भाग उघडून त्यातली काजळी खरवडून काढली. दरवेळी काहीतरी सापडायचं, दरवेळी वाटायचं हेच होतं. अस्लमभाई स्वतः चालवून बघायचे, तू चालवून बघायचीस, मुंगीसारखी सरळ जायची. त्यांनी कॉम्प्युटर लावला. तो म्हणे काही दाखवत नाही. ते वैतागून म्हणाले, "ताई, ये मरीज ऐसा है, डॉक्टर को देखते ही अच्छा हो जाता है."

आणि मी बसले की श्वास धरायची.

हे आधी तुझ्या दादाच्या लक्षात आलं. तो चहा पिता पिता गमतीने बोलून गेला, "काही नाही, ही पुढे बसली की उचकते. हिला उतरवा, दुरुस्त होईल." मी पण हसले. आईंनी बशी खाली ठेवली. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तवाच म्हनले व्हते. पांढऱ्या पायाची. नाव मंगल ठिवून काय व्हतंय?"

तो शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. मेला असेल असं वाटलं होतं. मी या घरात आले आणि महिना व्हायच्या आत मामंजी शेतातून येऊन ओट्यावर बसले ते बसूनच गेले, तेव्हा माझ्यावर तो पडला होता. तू दोन वेण्यांची होतीस. भरल्या घरात, रडणाऱ्या बायकांमध्ये तू मोठ्याने म्हणालीस, "पण आई, वहिनीचे पाय तर सावळे आहेत." एका बाईला रडता रडता ठसका लागला. तुला कुणीतरी पाठीत धपाटा घातला. मी पदराआड होते. सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा, सुतकात, पदर तोंडात धरून. तुला हे मी कधी सांगितलं नाही. त्या दिवसापासून तू माझी होतीस हेही नाही.

या वेळी तू आईंशी भांडली नाहीस. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेशील. तू फक्त कप उचललास आणि म्हणालीस, "बघू."

तुझ्या कंपनीत तू तयार झालेले भाग तपासायचीस. नापास झालेला भाग का नापास झाला ते शोधायचं, तेही एका वेळी एकच गोष्ट बदलून. तेच तू घरी सुरू केलंस. आधी मला वाण्याच्या काट्यावर उभं करायला निघालीस. "वजनाचा प्रश्न असेल वहिनी, तुझ्याएवढं वजन ठेवून बघते." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, मी पळून घरी आले. मग तू अंदाजाने कांद्याची गोणी पुढच्या सीटवर बसवलीस, पट्टा लावलास आणि सय्यद पिंप्रीपर्यंत जाऊन आलीस. दारातून ओरडलीस, "गोणी पास!" मग दादाला बसवलंस. पाय पसरून, सीट मागे टाकून तो झोपून आला. पास. मग आईंना पुढे बसवलंस. त्या मांडी घालून बसल्या, वाटेत कोथिंबीर घेऊन आल्या. पास. मग मला मागे बसवलंस. पास. मग मला पुढे.

जकात नाक्याच्या पुढे तिने श्वास धरला.

तू गाडी तशीच पुढे नेलीस. बाहेर सगळं नेहमीसारखं होतं, द्राक्षाच्या बागा, पाटी, शाळेतून येणाऱ्या मुली. पण गाडीत आपल्या दोघींशिवाय आणखी कुणी बसल्यासारखं झालं. मी मांडीवर हात घट्ट धरून माझ्या पायांकडे बघत होते. जोडवी, भेगा, चपलेचा तुटका बंद. माझेच पाय, पण मला ते दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले.

त्यानंतर मी बसायचं सोडलं. आज उपास आहे. आज डोकं दुखतंय. आज गॅस यायचा आहे. तू दारात किल्ली फिरवत उभी राहायचीस.

"वहिनी, बस."

"नको."

"तू बसली नाहीस तर मला कसं कळणार?"

"नाही कळलं तर काय बिघडतंय? मी बसत नाही, गाडी उचकत नाही. संपलं."

"संपलं कसं? म्हणजे आईचं खरं?"

"आणि बसले, आणि तुला काही झालं मग?"

"होऊ दे ना."

मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. म्हटलं, "घरात असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते." तू माझा हात काढलास आणि वर छताकडे बघून म्हणालीस, "ओ वास्तू, ऐकू येतंय का? चहा घेता?" 

आपलं भांडण ते तेवढंच. रोज तेच, तिथेच थांबणारं. मी तुला कधी सांगितलं नाही की मला गाडीची भीती नव्हती. मला भीती होती की तू शोधत शोधत शेवटापर्यंत जाशील, सगळं तपासून होईल, सगळं पास होईल, आणि मी एकटी उरेन.

शेवटच्या खेपेला तू मला फसवून नेलंस. म्हणालीस, मावशीचा फोन होता, तुला बोलावलंय. नामपूरला पोचलो तर माय अंगणात बसून खुशाल शेवया वळत होती. तिने कुणालाच बोलावलं नव्हतं. मी तुझ्यावर चिडले, माय माझ्यावर चिडली, "बलावाशिवाय येता येत नही का पोरीले?" आणि जेवून आपण निघालो. जाताना दोनदा उचकली होती. येताना देवळा सोडलं आणि भावडबारीचा घाट लागला. आभाळ भरलं होतं. पुढे मालट्रक, मागे मालट्रक. मी कडेची दरी बघत नव्हते, समोरच्या ट्रकचं मागचं फाळकं बघत होते.

तू रस्ता सोडून खाली बघितलंस. माझ्या पायांकडे.

मला वाटलं, तुलाही पटलं शेवटी.

"वहिनी, चप्पल काढ."

"का?"

"काढ ना. आणि पाय वर घे. आईसारखी बस."

मी मांडी घातली. तू गाडी बाहेर काढलीस, पाय दाबलास, आणि ती अशी गेली की ट्रक मागे कुठे राहिला ते कळलं नाही. घाट उतरून सरळ रस्ता आला, मागेपुढे कुणी नव्हतं. "आता पाय खाली सोड. मघासारखी बस. घाबर जरा." मी म्हटलं, घाबर काय, घाबरलेलीच आहे. गाडीने श्वास धरला. "आता वर." गेली. "आता खाली." धरला.

तू हसायला लागलीस. चांदवड आलं तरी हसत होतीस. गाडी थांबवून, खाली उतरून, कुणाला तरी फोन केलास आणि माझ्याकडे बघत बघत बोललीस. मी विचारलं, "काय झालंय? सांग तरी."

"रविवारी सांगते. आईसमोर. तिला मागे बसवून, दादाला गाडी चालवायला लावून."

"मला आत्ता सांग."

"नाही. आत्ता सांगितलं तर तू पाय दाबायचीच नाहीस."

मला ते उत्तर कोड्यासारखं वाटलं. मी पिंपळगावपर्यंत रुसून बसले. तू शिट्टी वाजवत होतीस.

रविवारच्या आधी तुला ताप आला. साधा वाटला. मग गोळ्यांनी उतरेना, मग रक्त तपासलं, मग डॉक्टर म्हणाले पेशी कमी होतायत, दाखल करा. दादाने तुला त्याच गाडीतून नेलं. मी दारापर्यंत आले. आई तुझ्याबरोबर मागे बसल्या. पुढची सीट रिकामी होती. दादा म्हणाला, "चल, बस की." मी आईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

मी रिक्षाने आले, वैशू. तिथेही वॉर्डाच्या दारात आई आडव्या आल्या. आवाज चढवला नाही. हात जोडून म्हणाल्या, "तू नको जाऊ आत. तिला बरी व्हवू दे. मंग जा." त्यांनी आयुष्यात माझ्यापुढे हात जोडलेले मी तेवढेच पाहिले. मी बाहेरच्या बाकावर बसले. फरशीवर पाय टेकवायला नको वाटत होतं, म्हणून पाय वर घेऊन बसले. एक नर्स येऊन म्हणाली, मावशी, पाय खाली घ्या.

दादा आतून बाहेर आला तेव्हा म्हणाला, "वैशू काहीतरी बरळतेय. म्हणते, वहिनीला सांग, रविवार राहिला."

मी तुझ्याजवळ पोचले ती तू गेल्यावर. तुझ्या अंगावरची चादर नीट केली. तेव्हा मला कुणी अडवलं नाही.

म्हणून रामकुंडावर मला तुझा राग आला. रविवार राहिला असं तूच सांगितलंस ना? मग तू थांबायला हवं होतंस.

दहाव्यानंतर अस्लमभाई घरी आले. दादाजवळ बसले, चहा घेतला नाही, नुसतं पाणी घेतलं. मी तांब्या परत घ्यायला गेले तर उभे राहिले आणि म्हणाले, "भाभी, ताईंचं एक काम माझ्याकडे बाकी आहे. चांदवडहून फोन आला होता त्यांचा. बोली, अस्लमभाई, बीमारी मिल गई. वहिनी के पैर के नीचे है. अभी हाथ मत लगाना, मला घरात सगळ्यांना दाखवायचंय."

माझ्या हातातला तांब्या ओट्यावर टेकला तो वाजला.

गाडी दारातच होती, ताडपत्रीखाली. त्यांनी पुढच्या सीटसमोरची चटई काढली, तिच्याखालचं जाड कापड उचललं. आत तारांचा जुडगा होता आणि त्यातून एक उपरी तार सीटखाली गेलेली. सीटखाली काडेपेटीएवढी काळी डबी. त्या आधीच्या पोराने गाडी आणखी पळावी म्हणून ती बसवली होती. इंजिनाला फसवून जास्त डिझेल घ्यायला लावणारी. विकताना त्याने सांगितलं नाही, की विसरला, देव जाणे. तार कापून जोड दिलेला, त्यावर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टी घासून घासून निघालेली. टाचेचा जोर पडला की जोड सुटायचा, इंजिनाला क्षणभर काही कळेनासं व्हायचं. पाय हलला की पुन्हा जुळायचं. एवढ्याशा वेळाचं कॉम्प्युटरला काय दिसणार?

"पण मी तिथे पाय कशाला दाबेन?" मी विचारलं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "अगं, तू ब्रेक मारतेस. तू नेहमीच मारतेस. स्कूटरवर मागे बसलीस तरी मारतेस."

गोणीला भीती नसते. आईंचे पाय वर असतात. दादा झोपतो. घाबरून नसलेला ब्रेक दाबणारी त्या घरात मी एकटी. मी दाबायचे म्हणून गाडी अडखळायची, अडखळायची म्हणून मी आणखी दाबायचे. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला ट्रॅक्टरचं चाक दिसलं, आणि टेम्पोवाल्याचं तोंड.

अस्लमभाईंनी पक्कड काढली. "डबी काढून टाकतो, तार सरळ जोडतो. चहा होईपर्यंत होईल." दादा म्हणाला, "टाका जोडून."

मी म्हटलं, "नको."

दोघेही थांबले. ओट्यावर आई बसल्या होत्या, त्यांनीही मान वर केली. मी म्हटलं, "आधी रविवार होऊ द्या." आणि मी आत गेले.

आज रविवार होता.

तू सांगितलं होतंस तसंच बसलो. दादा चालवायला, आई मागे मांडी घालून, मी पुढे. ते तोंडात राहिलेलं वाक्य मी दार उघडताना म्हटलं, पण मनातच. महामार्गाच्या कडेचा रस्ता होता, रहदारी नव्हती, दादा बेताने चालवत होता. माझे पाय गार पडले होते. एकीकडे वाटत होतं, नाही अडखळली तर? मग तार म्हणजे नुसती तार, आणि मी पुन्हा तीच. दुसरीकडे वाटत होतं, अडखळली तर?

"दाब," दादा म्हणाला.

मी टाच दाबली. गाडीने श्वास धरला. मी पाय उचलला. गाडी सुटली.

दादाने स्टिअरिंगवर हात आपटला. "च्यायला! तारच निघाली! आई, बघितलंस? तारच!"

मी मागे वळले नाही. आरशात पाहिलं. मला वाटलं, आता आई काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणणार नाहीत, पण काहीतरी. त्यांनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांना ना तार कळली होती, ना डबी. त्या रस्त्याकडेही बघत नव्हत्या. हळूच, लहान पोराची उचकी थांबवायला नाव घ्यावं तसं त्या म्हणाल्या, "वैशू."

मग म्हणाल्या, "वैशू काढती आठवन."

इंजिन एकसारखं चाललं होतं.

"दाब गं परत," आई म्हणाल्या.

मी दाबलं. गाडीने श्वास धरला. "वैशू," आई म्हणाल्या. मी पाय उचलला. "परत." मी दाबलं. दादा बाहीने डोळे पुसत गाडी चालवत होता. ओझरपर्यंत आम्ही असेच गेलो आणि असेच परत आलो. माझी पोटरी भरून आली. आईंनी थांब म्हटलं नाही आणि मी थांबले नाही.

घरी आल्यावर आई म्हणाल्या, "ऱ्हावू दे ती तार तशीच."

दादा म्हणाला, "आई, घाटात जीव जाईल एखाद्या दिवशी."

उतरताना आईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. खाली बघितलं, माझ्या पायांकडे. मी पाय मागे घेतले, सवयीने.

"दुखला का गं?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

उद्या सकाळी अस्लमभाई येणार आहेत. डबी निघेल, तार जुळेल. मी ते करायला सांगितलंय, आईंनी तोंड फिरवलं तरी. तूही तेच केलं असतंस, फक्त जोरात हसून. तार जुळल्यावर मी पुन्हा पुढे बसणार आहे. चप्पल घालून, टाच पूर्ण दाबून, भावडबारीपर्यंत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तूच शिकवलंस. तार बदलायची, पाय तोच ठेवायचा.

नाही उचकली, तर तुझं खरं झालं, आणि तो शब्द या घरात परत येणार नाही.

आणि तार जुळल्यावरही तिने घाटात श्वास धरला, तर मी पायांकडे बघणार नाही, वैशू. मी तुझं नाव घेईन. मोठ्याने घेईन.